‘आमच्यात बसत नाही’

शिकागोच्या नैर्ऋत्य उपनगरांत राहायला आल्यापासून एका शब्दानं मला वैताग आणलाय. ‘फिट.’ ती शाळा आपल्या गटात फिट होत नाही. तिच्यासाठी दुसरा गट जास्त फिट आहे. हे बोलणारा माणूस कधी चिडलेला नसतो, कुणाला नावं ठेवत नसतो. उलट त्या दुसऱ्या शाळेच्या भल्याचंच बोलतोय, असा त्याचा सूर असतो. मराठीत यासाठी आपल्याकडे नेमके शब्द आहेत: ‘आमच्यात बसत नाही.’ मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधलेल्या कुणाही मुस्लिम तरुणाला त्यांचा अर्थ समजावून सांगायला नको. दलाल नाव विचारतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘तुम्हालाच तिथं अवघडल्यासारखं होईल.’

विषय शाळांच्या खेळांचा आहे. अमेरिकेतली हायस्कूलची पोरं कुणाशी फुटबॉल खेळतात, याचं सोलापूरच्या किंवा मालेगावच्या वाचकाला काय पडलंय, असं वाटेल. पण माणसांना नियमात राहून, हसतमुखानं बाजूला कसं काढतात हे पाहायचं असेल तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. इथं दंगल नाही, घोषणा नाहीत, कुणी कुणाला शिवी दिलेली नाही. आहे ते फक्त वेळापत्रक.

आधी यंत्रणा समजून घेऊ. अमेरिकेत प्रत्येक राज्यात शाळांची मिळून एक क्रीडा संघटना असते. आमच्याकडे ती इलिनॉय हायस्कूल असोसिएशन. राज्य अजिंक्यपद ती भरवते, त्यासाठी पटसंख्या बघून शाळांचे वर्ग पाडते. पण हंगामभर दर आठवड्याला कुणी कुणाशी खेळायचं, हे ती ठरवत नाही. त्यासाठी शाळा आपापले गट करतात. आठ, दहा, बारा शाळांचा एक गट, त्याला म्हणतात कॉन्फरन्स. गटात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, कधी बाहेर पडायचं हे मुख्याध्यापक, अधीक्षक आणि क्रीडा संचालक आपसांत ठरवतात. अशी फेरमांडणी झाली की तिला रीअलाइनमेंट म्हणायचं. हा शब्द ऐकला की मला गाडीच्या चाकांची अलाइनमेंट आठवते. वाकडं झालेलं सरळ केलं, इतकंच काय ते!

एवढ्यावर काय अडतं? पुष्कळ अडतं. फुटबॉलचं गणित बघा. (त्यांचा फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो.) इलिनॉयमध्ये वर्षानुवर्षे नियमित हंगाम नऊ सामन्यांचा आहे. २००१ पासून बाद फेरीसाठी आठ वर्ग झाले आणि पुढं बरीच वर्षं प्रत्येक वर्गात ३२ संघ असायचे, म्हणजे एकूण २५६. सहा सामने जिंकले की जागा जवळपास पक्की असायची, पाच जिंकले की धाकधूक. पाच जिंकलेल्यांमधून निवड करताना तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती सामने जिंकले तेही मोजायचे. आता आठ शाळांच्या गटात असाल तर नऊपैकी सात सामने गटानंच ठरवून दिलेले. म्हणजे कुठल्या गटात आहात यावर नोव्हेंबरपर्यंत खेळणार की ऑक्टोबरमध्येच घरी बसणार, हे बरंचसं ठरतं. कॉलेजचे प्रशिक्षक कुठल्या मैदानावर पोरं हेरायला येतात, हेही त्यावरच. तिकिटांचा गल्ला, बसचा खर्च, बँडचा दौरा, स्थानिक पेपरातली जागा, सगळं त्याच वेळापत्रकाला बांधलेलं. अनेक गटांत बुद्धिबळ, गणित आणि वक्तृत्वाच्या स्पर्धाही असतात. थोडक्यात, सोळा वर्षांच्या पोराला आपल्या गावाबाहेरची कुठली पोरं भेटतील, हे ही मंडळी ठरवतात. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत साउथ इंटर-कॉन्फरन्स असोसिएशन नावाचा एक अवाढव्य गट होता. शेवटी शेवटी त्यात ३३ शाळा होत्या. पूर्वेला हार्वी, डॉल्टन, साउथ हॉलंड. (सध्याचे पोप लहानपणी याच डॉल्टनमध्ये वाढले.) पश्चिमेला ऑरलंड पार्क, टिनली पार्क आणि पुढं शेतं संपवून उभी राहिलेली नवी नवी घरं. या पट्ट्याचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास एका ओळीत सांगायचा तर पूर्वेकडून पैसा उठून पश्चिमेला गेला. विस्कॉन्सिन स्टील १९८० मध्ये बंद पडली, यूएस स्टीलचा साउथ वर्क्स १९९२ मध्ये. त्या गिरण्यांवर जगणारी गावं खचली. गोरी कुटुंबं घरं विकून पश्चिमेला सरकली, त्या घरांत कृष्णवर्णीय कुटुंबं आली, आणि येईपर्यंत पगार देणारे कारखानेच उरले नव्हते. इलिनॉयमध्ये शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. घरांच्या किमती पडल्या की कराचा दर वाढवावा लागतो, दर वाढला की आणखी लोक निघून जातात. हार्वीसारख्या गावात माणूस करापोटी जास्त दरानं पैसे भरतो आणि त्याच्या शाळेला कमी मिळतं.

तरीही ३३ शाळांचा तो गट होता तोवर या दोन जगांतली पोरं एकमेकांच्या मैदानावर जायची. ‘पूर्वेच्या शाळा कमकुवत म्हणून गैरसोयीच्या झाल्या,’ असं कुणी सांगितलं तर हसा. थॉर्नरिजनं १९७१ आणि १९७२ अशी सलग दोन वर्षं राज्याचं बास्केटबॉल अजिंक्यपद जिंकलं, दुसऱ्या वर्षी एकही सामना न हरता, क्विन बकनरच्या नेतृत्वाखाली. इलिनॉयचा आजवरचा सर्वोत्तम शालेय संघ कोणता, या वादात त्या संघाचं नाव आजही पहिलं येतं. शेजारच्या थॉर्नटनमधून पुढं सुपर बोलमध्ये चमकलेला अँटवान रँडल एल आला. न बसण्याचं कारण खेळात नव्हतं.

२००० च्या दशकाच्या मध्यावर फाळणी ठरली. ३३ शाळांचे तीन गट: साउथलँड, साउथ सबर्बन आणि साउथवेस्ट सबर्बन. कारणं ऐकायला चोख. गट फार मोठा झालाय, बैठकीत इतकी माणसं जमतात की निर्णय होत नाही, प्रवास लांबचा पडतो, पालकांना कामावरून सुटून सामन्याला पोहोचता येत नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. आणि वाटणी झाल्यावर साउथलँडमध्ये कोण उरलं ते बघा. थॉर्नटनच्या तिन्ही शाळा, रिचच्या शाळा, ब्लूम: जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय मुलांच्या आणि कमी पैशाच्या. वर्णभेदाचा उघड आरोप झाला, वकील आले, पेपरांत मथळे आले. वाटणी झालीच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर जे काम करतो त्यातल्या एका गोष्टीमुळे हा सगळा प्रकार मला फार ओळखीचा वाटतो. समजा तुम्हाला हजार नोंदींचे गट पाडायचेत आणि त्यात भेदभाव होऊ नये, अशी तुमची प्रामाणिक इच्छा आहे. तुम्ही वंशाचा रकाना काढून टाकता, धर्माचा काढता, उत्पन्नाचा काढता. ठेवता फक्त पत्ता. मग प्रोग्रॅम चालवता आणि गट पडतात ते नेमके वंशाचे, धर्माचे, उत्पन्नाचे. कारण पत्त्यात ते सगळं आधीच भरलेलं असतं. १९३० च्या दशकात इथल्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्यांना लाल रंग लावला गेला, तिथं घरासाठी कर्ज मिळेना. घरांतला भेदभाव कायद्यानं बंद करायला १९६८ उजाडलं. अशा जमिनीवर ‘आम्ही फक्त मैल मोजले’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. त्याला उत्तर आधीच माहीत आहे, म्हणून तो निवांतपणे मैल मोजू शकतो.

कामावर नवीन पोरगं असं काही करून आणतं तेव्हा आम्ही त्याला दुष्ट म्हणत नाही. आउटपुट बघ, म्हणतो. शाळा चालवणाऱ्या पदवीधर, अनुभवी माणसांनाही मी एवढंच सांगतोय: हेतू नका सांगू, आउटपुट दाखवा.

आता माझ्याच बाजूला न सोयीची एक गोष्ट. होमवूड-फ्लॉसमूर ही शाळा थॉर्नटन आणि रिचच्या अगदी शेजारची. आज तिथं बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय आहेत. पण फाळणीनंतर ती अनेक वर्षं साउथवेस्ट सबर्बनमध्ये खेळली, लॉकपोर्ट, बोलिंगब्रूक, लिंकन-वे यांच्याबरोबर. वर्णभेद नव्हताच, असं म्हणणारे हेच उदाहरण पुढं करतात. मी ते असं वाचतो: होमवूड-फ्लॉसमूर तुलनेनं खात्यापित्या लोकांची शाळा. तिच्या बस हाकेच्या अंतरावरच्या शाळा मागे टाकून पश्चिमेला लॉकपोर्टपर्यंत जायच्या, आणि तेव्हा प्रवास लांबचा पडतो असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे मैल हा निकष होता, पण काही शाळांनाच लागू होता. ज्याच्याकडे पैसा आहे तो लांबूनही ‘बसतो’.

माझ्या म्हणण्याला खरं अवघड जातं ते आयोवाचं प्रकरण. शेजारचंच राज्य. डेमॉइन शहराभोवतीची उपनगरं गेल्या पंधरा-वीस वर्षांत फुगली. अँकेनीला दुसरं हायस्कूल काढावं लागलं, वॉकीलाही. त्या उपनगरांच्या शाळा आणि डेमॉइनच्या शहरी शाळा एकाच गटात होत्या, आणि फुटबॉलचे सामने एकतर्फी व्हायचे. मध्यंतरालाच निकाल लागलेला. शहरातल्या पोरांच्या घरी नोकरी करणारी एकटी आई, उन्हाळी शिबिराला पैसे नाहीत, संध्याकाळी दुकानात काम. समोर लहानपणापासून खासगी प्रशिक्षकाकडे जाणारी पोरं. शेवटी २०२२ मध्ये डेमॉइनच्या पाचही शाळा स्वतःहून बाहेर पडल्या आणि एम्स, फोर्ट डॉज, मार्शलटाउन, मेसन सिटी, ओटमवा अशा शाळांबरोबर त्यांनी आयोवा अलायन्स नावाचा नवा गट काढला.

मग हे वाईट झालं का? नाही. दर शुक्रवारी चिरडून घेण्यात कसलीही समानता नाही. एखादा म्हणाला की, बघ, गरीब शाळांनाच वेगळं व्हायचं होतं, तर त्याला मी दोन गोष्टी दाखवेन. पहिली, नकाशा. मेसन सिटी राज्याच्या उत्तर टोकाला, ओटमवा आग्नेयेला, दोन्हींमध्ये दीडशे मैलांहून जास्त अंतर. कमी पैशाच्या या शाळांनी बरोबरीचा सामना मिळावा म्हणून एवढं डिझेल जाळायची तयारी ठेवली. शिकागोच्या पश्चिमेकडच्या शाळांना हार्वीपर्यंतचा रस्ता लांब पडत होता! दुसरी गोष्ट, निर्णय कुणाचा. डेमॉइनच्या शाळा उठल्या आणि निघाल्या. हार्वीची शाळा बसलेली होती, बाकीचे टेबल उचलून घेऊन गेले. बाहेरून दोन्ही चित्रं सारखी दिसतात, आणि ‘फिट’ या शब्दाची सोय हीच की तो दोन्हीला लागू पडतो.

एकतर्फी सामन्यांचा प्रश्न खरा आहे, आणि त्याला प्रामाणिक उत्तरही आहे. मिनेसोटाच्या संघटनेनं शाळांचे वर्ग पाडताना पटसंख्येतून मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांच्या ४० टक्के मुलं वजा करायची पद्धत आणली. हजार मुलांच्या शाळेत पाचशे मुलं अशी असतील तर ती शाळा आठशेची धरायची. कारण सोपं आहे. बूट, फी, शिबिर, घरी न्यायला गाडी हे सगळं नसलेलं मूल मैदानात उतरण्याची शक्यता कमी. आयोवानं फुटबॉलसाठी हीच पद्धत २०२३ च्या हंगामापासून घेतली. हे सूत्र काही जादूची कांडी नाही. ते राज्यस्तरीय वर्गांना लागू होतं, गटांना नाही, आणि गरिबीची किंमत ४० टक्केच का, यावर भांडता येतं. पण भांडता येतं, हेच मला त्यातलं आवडतं. आकडा उघड्यावर आहे. गरिबी मोजलीय, तिला ‘संस्कृती’ म्हटलेलं नाही. ‘फिट’शी भांडून दाखवा बरं.

इलिनॉयनंही एकदा धीर केला होता. डिसेंबर २०१८ मध्ये शाळांनी थोड्या मतांच्या फरकानं ठरवलं की फुटबॉलपुरते गट मोडायचे आणि पटसंख्या व भूगोल बघून संघटनेनंच जिल्हे आखायचे, २०२१ पासून. वर्षभरात, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याच शाळांनी पुन्हा मतदान करून तो निर्णय मागे घेतला. त्या पद्धतीनं एकही सामना झाला नाही. जुनी वैरं टिकावीत, परंपरा टिकावी असं पुष्कळ बोललं गेलं. परंपरेचं मला कौतुक आहे. पण आपण कुणाशी खेळायचं हे आपणच ठरवण्याचा अधिकार सोडायला कुणी तयार नव्हतं, हेही त्यातलंच.

वरून आखलेल्या नकाशानं सगळं सुटेल, असंही मी म्हणत नाही. टेक्ससमध्ये युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग दर दोन वर्षांनी नकाशा नव्यानं आखते. ऑक्टोबरात पटसंख्या कळवायची, सम वर्षाच्या फेब्रुवारीत निकाल. तोवर कुणालाच काही माहीत नसतं, प्रशिक्षक दहावीच्या निकालासारखी वाट बघत बसतात. छान, निःपक्षपाती. पण हीच संघटना अनेक दशकं फक्त गोऱ्यांच्या सरकारी शाळांची होती, नियमातच तसं लिहिलेलं होतं. कृष्णवर्णीय शाळांसाठी १९२० पासून प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलास्टिक लीग वेगळी. तिनं केवढे खेळाडू दिले! पिट्सबर्गचा ‘मीन’ जो ग्रीन त्याच लीगमधून आला. १९६५ मध्ये मोठ्या लीगनं तो शब्द नियमातून काढला, आणि १९७० पर्यंत छोटी लीग संपली. एकत्रीकरण झालं म्हणजे काय झालं? बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या, त्यांच्या प्रशिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या किंवा ते सहायक झाले. ‘या, आमच्यात बसा’ म्हणतानाही खुर्च्या कुणाच्या काढायच्या, हे यजमानानंच ठरवलं.

टेक्ससमधलीच आणखी एक हकीकत तुम्हाला ठाऊक असायला हवी. खासगी शाळांची तिथं वेगळी संघटना आहे, टॅप्स. सदस्य बहुतांशी ख्रिस्ती शाळा. २०१० मध्ये ह्यूस्टनच्या इमान अकॅडमी या इस्लामी शाळेनं सदस्यत्वासाठी अर्ज केला. बास्केटबॉल खेळायचं होतं, दुसरं काही नाही. उत्तरादाखल शाळेला प्रश्नावली आली. कुराण इतर धर्मीयांबद्दल काय सांगतं, ज्यांच्या श्रद्धा तुमच्याशी जुळत नाहीत अशांच्या संघटनेत तुम्हाला कशाला यायचंय, न्यूयॉर्कमधल्या नियोजित मशिदीबद्दल तुमचं मत काय, अशा धाटणीची. अर्ज नामंजूर झाला. २०१२ मध्ये त्याच संघटनेनं ह्यूस्टनच्याच बेरेन अकॅडमी या यहुदी शाळेचा उपांत्य सामना शब्बाथच्या वेळेत ठेवला आणि वेळ बदलायला नकार दिला. पालक न्यायालयात गेले, तेव्हा कुठं सामना शुक्रवारी दुपारी घेतला. बेरेन तो जिंकली. त्या गदारोळातच इमान अकॅडमीची प्रश्नावलीही देशभर छापून आली. म्हणजे आपली दाद लागली ती दुसऱ्याच्या भांडणाच्या निमित्तानं. यावर विचार करा.

माझं भांडण मात्र टेक्ससशी नाही, माझ्या आसपासच्या आपल्याच लोकांशी आहे. या वर्षी आमच्या भागातल्या एका हायस्कूलनं गट बदलावा म्हणून पालकांचं एक निवेदन फिरतंय. नाव लिहीत नाही. हा भाग मुस्लिमांनी गजबजलेला आहे, ब्रिजव्ह्यूच्या मशिदीभोवती पॅलेस्टिनी कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची वस्ती, शिवाय हैदराबादी, गुजराती आणि आम्ही थोडे मराठी. निवेदन आमच्या व्हॉट्सॲप गटात आलं तेव्हा पहिल्या वीस-पंचवीस सह्यांत अर्धी नावं आपली होती. यातल्या एका भाईंना मीरा रोडला तीन सोसायट्यांनी घर नाकारलं होतं, ते दर ईदला तो किस्सा सांगतात. त्यांनी सही केली. मी फोन केला तर म्हणाले, ‘अरे, पोरांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. आणि सारख्याला सारखं बरं असतं.’ ज्या वाक्यानं आपल्याला मीरा रोडवरून परत पाठवलं, ते वाक्य आपण इतक्या पटकन पाठ करतो!

दुसरा सूर तरुण पोरांचा. त्यांचं म्हणणं, कशाला कुणाच्या दारात जायचं, आपल्या इस्लामी शाळांची आपली लीग काढू. रमजानचं वेळापत्रक आपल्या हातात, हिजाबवरून पंचाशी वाद नाही. हौसेच्या स्पर्धा जरूर भरवा, मीही येईन गुण लिहायला. पण ज्या शेजाऱ्याला तुम्ही ‘बसत’ नव्हता त्याची केवढी सोय तुम्ही करताय, हे बघा. त्याला मतदानही घ्यावं लागलं नाही. प्रेअरी व्ह्यू लीग कुणी हौसेनं काढली नव्हती, दार बंद होतं म्हणून काढली होती. आपल्यासाठी सरकारी शाळेचं दार उघडं आहे. आपली बहुतेक पोरं त्याच शाळांत आहेत. ती हार्वीला जाऊन खेळली, हरली, तिथल्या पोरांबरोबर पार्किंगमध्ये पिझ्झा खाल्ला, तर जे कळेल ते आपल्या रविवारच्या मदरशात शिकवता येत नाही. आणि खरं सांगायचं तर इथल्या आपल्या मध्यमवर्गात कृष्णवर्णीयांबद्दल जे बोललं जातं, त्यातलं बरंच छापण्याजोगं नाही. मशिदीत एका सफेत त्यांच्याशी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि पोरांची बस त्यांच्या गावात जाऊ द्यायची नाही, हे दोन्ही एका माणसाला कसं जमतं?

सुरक्षेच्या मुद्द्याची टिंगल करणार नाही. काही गावांत गोळीबार होतो, आईबापांना भीती वाटणारच. त्याला उपाय आहेत आणि शाळा ते वापरतात: सामना शनिवारी दुपारी ठेवा, तिकिटं आधी विका, दोन्ही शाळांचे शिक्षक दारात उभे करा. तिथली पोरं तर रोज त्याच गावात राहतात. दोन वर्षांतून एकदा दुपारी तीन तास जाणाऱ्या आपल्या पोरांच्या भीतीनं त्यांचा हंगाम रिकामा करायचा, हा कुठला हिशेब?

निवेदनात पहिलं कारण प्रवासाचं होतं. म्हणून एका रविवारी मी बसलो आणि दोन्ही गटांतल्या शाळांचे पत्ते घेऊन छोटा प्रोग्रॅम लिहिला: शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या रहदारीत आमच्या शाळेपासून प्रत्येक शाळेपर्यंत किती वेळ लागतो. नव्या गटात सरासरी प्रवास वाढतो. थोडाथोडका नाही, चांगलाच. तक्ता गटात टाकला. दोन तास कुणी काही बोललं नाही, मग निवेदन लिहिणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: प्रवास हा मुख्य मुद्दा नाहीच, एकंदर फिटचा आहे.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. गट बदलायचा तर बदला, पण तीन गोष्टी लेखी द्या. नव्या-जुन्या गटांची मुलं कोण, किती, कुठल्या उत्पन्नाची याचा तक्ता मतदानाआधी शाळा मंडळाच्या खुल्या बैठकीत ठेवा. ज्या शाळा मागे राहणार त्यांना आधी विचारा, आणि त्यांचं उत्तर कार्यवृत्तात येऊ द्या. आणि सोडलेल्या शाळांशी निदान चार-पाच वर्षं दर हंगामात प्रत्येक खेळात काही सामने खेळण्याचा करार करा. गटाबाहेरचे सामने सगळेच खेळतात, त्यासाठी तारखा राखून ठेवलेल्याच असतात. तारीख आहे, मैदान आहे, बस आहे. एवढं झाल्यावरही गट बदलायचाच असेल तर माझी हरकत नाही, आणि भाईंच्या शेजारी मी माझंही नाव लिहीन.

आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा कायदा इलिनॉयमध्येही आहे. गट बदलण्याबाबत शाळेचा इतर शाळांशी झालेला पत्रव्यवहार आणि ‘फिट’ कसं मोजलं त्याची कागदपत्रं मी त्याखाली मागितली आहेत. उत्तराला कायद्यानं कामाचे पाच दिवस असतात. सहाव्या दिवशी सकाळी ईमेल आली: कागदपत्रं गोळा करायला आणखी पाच दिवस लागतील.